कर्करोगाचे निदान : पेशीच्या स्वभावापासून पटलावरील प्रतिमेपर्यंत

‘स्कॅनमध्ये गाठ दिसली’ हे वाक्य आज शहरात आणि खेड्यातही सारखेच ऐकू येते. स्कॅनला नेमके काय दिसते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. क्ष-किरणांना दिसते ती घनता. सोनोग्राफीत दिसतो तो दोन ऊतकांच्या सीमेवरून परतलेला प्रतिध्वनी. एम.आर.आय. यंत्र टिपते ते प्रामुख्याने शरीरातील पाण्याच्या व मेदाच्या रेणूंमधील हायड्रोजन अणूंचे वर्तन. कर्करोग नावाची वस्तू यांपैकी कोणत्याही यंत्राला थेट दिसत नाही. निरोगी पेशीपेक्षा रोगग्रस्त पेशी ज्या एखाद्या बाबतीत वेगळी वागते, तेवढे वेगळेपण पकडायचे आणि त्यावरून अनुमान बांधायचे, एवढेच कोणत्याही निदानतंत्राच्या हाती असते. म्हणूनच प्रतिमांकनाचा अभ्यास पेशीविज्ञानापासून सुरू करणे इष्ट ठरते.

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी आपल्या देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले व सुमारे ९ लाख रुग्णांचा मृत्यू झाला. स्तन, मुख आणि गर्भाशयमुख या तीन अवयवांचे कर्करोग त्यात अग्रभागी आहेत. हे तिन्ही अवयव असे आहेत की ज्यांची तपासणी प्रशिक्षित डोळ्याने वा हाताने करता येते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

वॉरबर्ग यांचे निरीक्षण

१९२० च्या दशकात जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कर्करोगाच्या गाठीतील ऊतक ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणावर शोषून घेते आणि भरपूर ऑक्सिजन उपलब्ध असतानाही त्याचे पूर्ण ज्वलन न करता त्याचे रूपांतर लॅक्टिक आम्लात करते. निरोगी पेशी असे सहसा ऑक्सिजनच्या अभावीच करते. जोराने धावल्यावर स्नायूंत जे घडते, ते गाठीत चोवीस तास चालू असते. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन झाल्यास एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. अपुऱ्या विघटनात निव्वळ प्राप्ती अवघ्या दोन रेणूंची.

मग कर्कपेशी असा तोट्याचा मार्ग का पत्करते? पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, बिघडल्याने असे होते व तोच कर्करोगाचा उगम होय, असे वॉरबर्ग यांचे मत होते. श्वसनक्रियेतील विकरासंबंधीच्या कार्यासाठी त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे निरीक्षण अचूक ठरले, कारणमीमांसा मात्र टिकली नाही. बहुतेक कर्करोगांमध्ये तंतुकणिका व्यवस्थित काम करीत असतात, असे पुढील संशोधनातून दिसून आले.

आजचे स्पष्टीकरण निराळे आहे. सतत विभाजन पावणाऱ्या पेशीला केवळ ऊर्जा पुरत नाही, तिला बांधकामाचे साहित्य लागते. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर गुणसूत्रांतील डी.एन.ए. दुप्पट व्हावा लागतो, नवे पटल तयार व्हावे लागते, प्रथिने बनावी लागतात. या सर्वांसाठी लागणारा कार्बन ग्लुकोजच्या अर्धवट विघटनातील मधल्या टप्प्यांवरून वळवून घेता येतो. ग्लुकोज संपूर्ण जाळून टाकले तर तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. घरबांधणीसाठी आणलेले लाकूड चुलीत घालण्यासारखेच ते होईल. शिवाय वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या आतील भागात रक्तपुरवठा अपुरा पडतो. ऑक्सिजन कमी झाला की हिफ नावाचे प्रथिन सक्रिय होते आणि ग्लुकोज आत घेणारी द्वारे पेशीपटलावर वाढवते. पेशी ऑक्सिजनची पातळी कशी ओळखते, या संशोधनासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पेट स्कॅनचे कार्य

कर्कपेशीच्या या साखरलोलुपतेचाच उपयोग पेट स्कॅन करून घेतो. ग्लुकोजच्या रेणूतील दुसऱ्या कार्बनवर असलेल्या हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी समस्थानिक बसवले की एफडीजी हे औषध तयार होते. ग्लुकोजच्या द्वारांतून ते सहज आत शिरते. हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. येथवर सर्व काही खऱ्या ग्लुकोजप्रमाणे घडते. पुढच्या विकराला मात्र हा बदललेला रेणू हाताळता येत नाही आणि फॉस्फेट जोडले गेल्याने तो पेशीबाहेरही पडू शकत नाही. परिणामी तो तेथेच अडकून पडतो. जी पेशी अधिक साखर ओढते, तिच्यात अधिक किरणोत्सारी द्रव्य साठते.

फ्लोरिन-१८ च्या विघटनातून पॉझिट्रॉन हा धनभारित कण बाहेर पडतो. जवळच्याच इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडते, दोघेही नाहीसे होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या वर्तुळाकार शोधकांवर हे दोन किरण जवळजवळ एकाच क्षणी आदळले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी उगमस्थान आहे, हे संगणकाला कळते. अशा लक्षावधी रेषांमधून प्रतिमा उभी राहते. एफडीजी मानवी शरीरात प्रथम वापरले गेले ते १९७६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. तेथे तपासला गेला तो मेंदू. कर्करोगासाठी या तंत्राचा प्रसार त्यानंतर झाला. पेट प्रतिमेत क्रिया दिसते, परंतु शरीररचनेचा नकाशा अस्पष्ट असतो. ही उणीव पेट आणि सी.टी. ही दोन्ही यंत्रे एकत्र जोडल्याने भरून निघाली. असे पहिले संयुक्त यंत्र १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे वापरात आले.

भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण वैद्यक केंद्रात सुरू झाला. कोलकात्यातील मोठा वैद्यकीय सायक्लोट्रॉन २०१८ मध्ये कार्यान्वित झाला. सायक्लोट्रॉन कोठे आहे याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर एका आकड्यात आहे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असते. सकाळी सहा वाजता तयार झालेल्या औषधाची क्रियाशीलता दहा वाजेपर्यंत पावापेक्षाही कमी उरते. रस्ता, विमान आणि रुग्णालयाचे वेळापत्रक या तिन्हींचे गणित जुळेल तेथेच हे यंत्र उपयोगी. त्यामुळे पेट स्कॅनची केंद्रे मोठ्या शहरांभोवती एकवटली, यात नवल नाही. यंत्राची किंमत हे दुसरे कारण आहेच. पण अर्धायुष्याचा नियम अनुदान देऊन बदलता येत नाही.

एका प्रकाशाचे अनेक अर्थ

येथे एक इशारा आवश्यक आहे. पटलावर उजळलेला प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. मेंदू स्वभावतःच ग्लुकोजवर जगतो, म्हणून तो नेहमीच तेजस्वी दिसतो. एफडीजी मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्राशय उजळते. सर्वांत घोटाळा होतो तो दाह असलेल्या जागी. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर हावरेपणाने घेतात. क्षयाची लसिका ग्रंथी आणि कर्करोग पसरलेली लसिका ग्रंथी या एफडीजी प्रतिमेत अगदी सारख्या भासू शकतात. क्षयरोगाचे मोठे ओझे वाहणाऱ्या भारतासारख्या देशात ही अडचण पाठ्यपुस्तकातील तळटीप नसून रोजच्या कामाचा भाग आहे. मधुमेही रुग्णाच्या रक्तात साखर वाढलेली असेल तर खरे ग्लुकोज आणि एफडीजी यांची स्पर्धा होऊन प्रतिमा फिकी पडते. उलटपक्षी काही कर्करोग साखरेच्या बाबतीत संयमी असतात. पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा त्यांपैकीच एक.

या शेवटच्या अडचणीतूनच अलीकडचे सर्वांत फलदायी संशोधन पुढे आले. साखर उपयोगी पडत नसेल तर पेशीचे दुसरे एखादे वैशिष्ट्य शोधावे, असा विचार झाला. प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए हे प्रथिन विपुल असते. त्याला चिकटणाऱ्या लहान रेणूला गॅलियम-६८ जोडले की तो रोगाच्या ठिकाणी जाऊन बसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधाला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य सुमारे ६८ मिनिटांचे, म्हणजे फ्लोरिनपेक्षाही कमी. परंतु ते जर्मेनियम-६८ असलेल्या एका लहान जनित्रातून रुग्णालयातच काढता येते आणि जर्मेनियमचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवसांचे आहे. म्हणजे सायक्लोट्रॉन नसलेल्या शहरातही हे काम होऊ शकते. प्रादेशिक समतोलाच्या दृष्टीने ही लहानशी तांत्रिक बाब अनेक घोषणांपेक्षा मोलाची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच रेणूला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडले तर त्यातून निघणारे बीटा कण कर्कपेशीला मारतात. शोध आणि उपचार यांसाठी एकच वाहक वापरण्याच्या या पद्धतीला थेरानॉस्टिक्स म्हणतात. या वर्गातील प्रोस्टेट कर्करोगावरील औषधास अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. कल्पना तशी जुनी आहे. थायरॉइडच्या विकारांसाठी किरणोत्सारी आयोडीन १९४१ पासून वापरले जात आहे. ल्युटेशियम-१७७ भारतात तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते.

प्रतिमा कितीही स्पष्ट असली तरी बहुतेक कर्करोगांत अंतिम निर्णय ऊतकाच्या तुकड्यावरच होतो. बायॉप्सीत विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना, केंद्रकाचा आकार, विभाजनाचे प्रमाण पाहतो. विशिष्ट प्रथिनांची आणि जनुकांची तपासणी करून उपचाराची दिशा ठरवतो. रक्तात मिसळलेले गाठीच्या डी.एन.ए.चे अंश शोधण्याचे तंत्रही आता उपचारांच्या निवडीसाठी वापरले जाते.

अधिक शोधले म्हणजे अधिक वाचले?

निदान जितके लवकर तितके चांगले, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तरी त्याला मर्यादा आहेत. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक अतिधूम्रपानी व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी मात्रेच्या सी.टी. स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. हे मोठेच यश होय. मात्र त्याच चाचणीत सी.टी.मध्ये संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक कर्करोगाचे नव्हते. क्षयाचे जुने व्रण घेऊन वावरणाऱ्या लोकसंख्येत हा कार्यक्रम जसाच्या तसा राबवल्यास काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे सर्वसाधारण आरोग्य तपासणीबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी थोड्या खर्चात सर्रास केली जाऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ होते तेथेच राहिले. याचा अर्थ, सापडलेल्या असंख्य लहान गाठींनी त्या व्यक्तींना आयुष्यभर त्रास दिला नसता. तरीही अनेकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. २०१४ मध्ये तेथील तज्ज्ञांनी जाहीर इशारा दिल्यावर शस्त्रक्रियांचे प्रमाण झपाट्याने घटले. या प्रकाराला अतिनिदान म्हणतात. चुकीचे निदान आणि अतिनिदान यांत विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये. अतिनिदानात रोग खराच असतो, तो शोधण्याची गरज नसते.

म्हणून चाळणी परीक्षणाचे मूल्य किती रुग्ण सापडले यावर मोजत नाहीत. किती मृत्यू टळले यावर मोजतात. या कसोटीवर उतरलेले काही महत्त्वाचे पुरावे भारतातील आहेत, आणि तेथे वापरलेली साधने अत्यंत साधी होती.

व्हिनेगरची कसोटी

गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्लाचा बोळा लावून एक मिनिट थांबायचे. कर्कपूर्व अवस्थेतील पेशींची केंद्रके मोठी आणि प्रथिनांनी दाट भरलेली असतात. आम्लामुळे ही प्रथिने तात्पुरती गोठतात आणि तो भाग पांढरा दिसू लागतो. हे आम्ल म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरच. आयोडीनच्या कसोटीत याहून मौजेचा योग आहे. निरोगी पेशींत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा असतो, म्हणून आयोडीन लावताच त्या गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींजवळ हा साठा नसल्याने त्या रंगत नाहीत. कोट्यवधी रुपयांचे पेट यंत्र आणि काही रुपयांची आयोडीनची बाटली, दोन्ही शेवटी पेशीतील साखरेचाच हिशेब वाचत असतात.

मुंबईतील टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख महिलांचा समावेश असलेली चाचणी चालवली. अल्पकाळ प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचारी महिलांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक आम्ल तपासणीच्या चार फेऱ्या केल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात एकाच फेरीने ३५ टक्के घट झाल्याचे २००७ मध्येच दिसून आले होते.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील निष्कर्ष मात्र वेगळा आला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ महिलांचे चार गट करण्यात आले. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून केलेल्या या अभ्यासात मानवी पॅपिलोमा विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ॲसेटिक आम्ल व पॅप तपासणी या गटांत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲसेटिक आम्लाच्या कसोटीत पांढरा ठिपका पाहणाऱ्याच्या कौशल्यावर बरेच अवलंबून असते. विषाणूची चाचणी नजरेवर विसंबत नाही, हा दोहोंतील मोठा भेद आहे. शिवाय ती रोगाच्या मुळालाच हात घालते. या विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीतील पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करते आणि ई-७ हे आर.बी. प्रथिनाला निष्प्रभ करते. विभाजनावरील दोन्ही लगाम सुटतात. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यात कर्करोग होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तेवढा अवधी वैद्यकाच्या हाती असतो. विषाणू व हा कर्करोग यांतील संबंध उलगडणारे हॅराल्ड झुर हाउझेन २००८ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

या चाचण्यांतील तुलनागटाच्या महिलांना तपासणी देण्यात आली नव्हती, यावर गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ज्या महिलांच्या सहभागातून हे ज्ञान मिळाले, त्यांच्याच जिल्ह्यांत त्याचा उपयोग किती होतो, हा प्रश्न म्हणूनच अधिक टोचतो.

स्तनाच्या कर्करोगाबाबतही मुंबईच्या याच वस्त्यांतून पुरावा मिळाला. मॅमोग्राफी हे क्ष-किरणांचे तंत्र असल्याने तरुण स्त्रियांच्या दाट स्तनऊतकात ते कमी प्रभावी ठरते, आणि भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी वयात आढळतो. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे ५० व त्यापुढील वयाच्या महिलांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व वयोगट एकत्र घेतल्यास घट १५ टक्के होती, पण ती सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक महिलांवर झालेल्या चाचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने मॅमोग्राफीच्या प्रतिमा वाचण्याचा डॉक्टरांचा भार ४४ टक्क्यांनी हलका झाला, असे २०२३ मध्ये आढळले. जेथे मॅमोग्राफीच नाही, तेथे या सोयीचा लाभ अर्थातच नाही.

धोरण आणि प्रत्यक्ष

केंद्र शासनाने १९७५-७६ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २०१० मध्ये मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी त्याची सांगड घालण्यात आली. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी प्राथमिक स्तरावर अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट असे की ७० टक्के महिलांची वयाच्या ३५ व्या व पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत खात्रीशीर चाचणी व्हावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील ज्या महिलांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाली होती, त्यांचे प्रमाण १.९ टक्के होते. स्तन तपासणीचे ०.९ टक्के. मुखाच्या तपासणीसाठी केवळ बॅटरी आणि प्रशिक्षित नजर लागते. तिचे प्रमाणही पुरुषांत १.२ टक्क्यांवरच होते.

या आकड्यांना केवळ यंत्रांचा तुटवडा कारणीभूत मानता येत नाही. उपकेंद्रात पडद्याआड तपासणीची जागा हवी, तपासणारी स्त्री कर्मचारी हवी, आणि संशय आल्यास त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत पुढचा उपाय हवा. गर्भाशयमुखावरील कर्कपूर्व भाग उष्णतेने जाळून नष्ट करण्याचे हातात मावणारे उपकरण आता उपलब्ध असून त्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. तपासणी एका गावी, बायॉप्सी जिल्ह्याला आणि अहवाल तिसरीकडे, अशी साखळी झाली की रोजंदारीवर जगणारी बाई मधल्याच एखाद्या टप्प्यावर गळते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दैनिक उपचाराची कर्करोग केंद्रे उघडण्याची व त्यांपैकी २०० त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. ही केंद्रे मुख्यतः औषधोपचारासाठी आहेत. तेथवर पोहोचणाऱ्या रुग्णाजवळ ऊतकाचा अहवाल असावा लागतो, आणि तो देणारा विकृतिशास्त्रज्ञ त्याच जिल्ह्यात आहे की नमुना शेकडो किलोमीटर दूर पाठवावा लागतो, यावर उपचार कोणत्या आठवड्यात सुरू होतील हे ठरते.